शॉर्टकोडची चौकट पेजच्या वर का जाते, आणि शॉर्टकोड करावा की ब्लॉक

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्डप्रेस साइटवर थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपीमध्ये (थीमच्या कोडची फाईल) सूचनेची चौकट दाखवणारा शॉर्टकोड (मजकुरात चौकोनी कंसात लिहायचं नाव, ज्याच्या जागी कोडने बनवलेलं काही दिसतं) केलाय, चालतो, पण चौकट जिथे टाकली तिथे न दिसता मजकुराच्या वर जाऊन बसते. ब्लॉक एडिटरमध्ये (जिथे हेडिंग, परिच्छेद असे तुकडे, म्हणजे ब्लॉक, जोडून पेज बनतं) पेज अपडेट करताना मधूनच "व्हॅलिड जेसन रिस्पॉन्स नाही" अशी एरर येते. पुढे ही चौकट बऱ्याच पेजवर लागणार आहे, शीर्षक आणि रंग बदलता यायला हवा, आणि शॉर्टकोडच चालू ठेवू की ब्लॉक शिकू हे कळत नाहीये.

मी गेली बरीच वर्षं वर्डप्रेसचीच कामं करतेय आणि हे तिन्ही प्रश्न मला एकाच माणसाने एकाच आठवड्यात विचारल्याचं आठवतंय, म्हणजे तुम्ही काही वेगळं चुकवलेलं नाही. (कोडमधली नावं मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.)

आधी चौकट खाली आणू. तुमच्या कॉलबॅक फंक्शनमध्ये (शॉर्टकोड दिसला की वर्डप्रेस जे चालवतं ते) नक्की कुठेतरी एको, म्हणजे थेट छापणारी आज्ञा, आहे. शॉर्टकोडचं फंक्शन काहीही छापत नाही, त्याने एचटीएमएल तयार करून रिटर्न करायचं असतं, बस. कारण असं की वर्डप्रेस जेव्हा द_कंटेंट फिल्टर (पेजच्या मजकुरावर शेवटचे बदल करणारी पायरी) चालवतं तेव्हा तुमचा अख्खा मजकूर अजून हातात एक स्ट्रिंग म्हणून असतो, पानावर गेलेलाच नसतो. त्या स्ट्रिंगमध्ये जिथे शॉर्टकोडचा कंस सापडतो तिथे तुमच्या फंक्शनने जे परत दिलं ते चिकटवलं जातं. तुम्ही परत न देता एको केलंत तर ते थेट बाहेर पडतं, आणि मजकूर बिचारा अजून मागे रांगेत उभा, म्हणून चौकट वर.

जेसनची एरर वेगळा आजार वाटतो पण तो हाच आहे. ब्लॉक एडिटर पेज सेव्ह करताना रेस्ट एपीआयला (एडिटर आणि सर्व्हर बोलतात ती वाट) विनंती पाठवतो आणि जेसन नावाच्या ठराविक साच्यातल्या उत्तरात वर्डप्रेस रेंडर झालेला मजकूरही देतं, म्हणजे सेव्ह करतानासुद्धा तुमचा शॉर्टकोड चालतो. त्याने एको केलं की जेसनच्या आधी तुमचं डिव्ह छापलं जातं, एडिटरला ते वाचता येत नाही आणि तो एरर दाखवतो. गंमत म्हणजे पेज बहुतेक वेळा सेव्ह झालेलं असतं, फक्त एडिटरला ते कळत नाही. आणि "मधूनच" येते असं तुम्हाला वाटतंय ते एवढ्यासाठी की ज्या पेजवर शॉर्टकोड आहे तिथेच येते. तपासून बघा.

एको शब्द शोधून सापडला नाही तरी लगेच निश्चिंत होऊ नका. द_टायटल, द_परमालिंक ही फंक्शन्स स्वतःच छापतात, त्यांच्याऐवजी गेट_ ने सुरू होणारी भावंडं वापरायची. टेम्प्लेट फाईल इन्क्लूड केली असेल तर तिच्यातलं एचटीएमएलसुद्धा छापलंच जातं. अशा वेळी ओबी_स्टार्ट करून सगळं बफरमध्ये, म्हणजे छापण्याआधी तात्पुरतं साठवून, घ्यायचं आणि शेवटी ओबी_गेट_क्लीन रिटर्न करायचं. मी लांबलचक एचटीएमएल असेल तर हेच करते, जोडाजोडी करत बसण्यापेक्षा वाचायला सोपं जातं. फक्त एक सांभाळा, ओबी_स्टार्टनंतर मध्येच "काही सापडलं नाही तर रिटर्न" अशी ओळ असेल तर बफर उघडाच राहतो, आणि मग पेज अर्धवट दिसण्यासारखे चमत्कारिक प्रकार सुरू होतात जे शोधायला अख्खी दुपार जाते. असे लवकर परतायचे सगळे रिटर्न ओबी_स्टार्टच्या वर ठेवा.

आता शॉर्टकोड की ब्लॉक. याला एकच उत्तर नाही, ती चौकट कोण टाकणार आणि आत काय असणार यावर आहे. शॉर्टकोड हा वर्डप्रेसचा म्हातारा भाग आहे, २००८ च्या मार्चमध्ये २.५ सोबत आला, आणि ब्लॉक एडिटर २०१८ च्या डिसेंबरमध्ये ५.० सोबत. म्हातारा असला तरी कामाचा आहे, विशेषतः वाक्याच्या मध्ये काही टाकायचं असेल तेव्हा, म्हणजे चालू वर्ष, एखादा दर, सदस्याचं नाव, जे एका जागी बदललं की सगळीकडे बदलायला हवं. ते काम ब्लॉकने करायला गेलात तर उगाच दमाल. क्लासिक एडिटर किंवा एखादा पेज बिल्डर वापरणारी मंडळी असतील तरी शॉर्टकोडच बरा.

पण तुमची सूचना-चौकट? खरं सांगू का, त्यासाठी कदाचित कोडच लागणार नाही. ग्रुप ब्लॉक, त्याला एक स्टाइल, आत हेडिंग आणि परिच्छेद, आणि हे सगळं पॅटर्न (पुन्हा पुन्हा टाकता येणारा ब्लॉकचा तयार संच) म्हणून सेव्ह केलं की लिहिणाऱ्याला चौकट जशी दिसणार तशी एडिटरमध्येच दिसते, कंस नाहीत, कोट चिन्हं नाहीत. (पूर्वीचे रियूजेबल ब्लॉक म्हणजेच ६.३ पासूनचे सिंक्ड पॅटर्न, पण तुमच्या कामाला साधा, सिंक न केलेला पॅटर्न हवा कारण प्रत्येक पेजवर मजकूर वेगळा असणार.) यात तोटा एकच पण मोठा आहे. एकदा पेजवर टाकला की तो पॅटर्न म्हणजे त्या पेजचं स्वतःचं एचटीएमएल होतं. वर्षभराने चौकटीची रचनाच बदलायची ठरली, आयकॉन आला, बंद करायचं बटण आलं, तर पेज एकेक करून उघडा. शॉर्टकोड असेल तर एक फंक्शन बदललं की काम झालं. त्यामुळे चौकट दिसायला बदलेल पण आतून तशीच राहील असं असेल तर पॅटर्न आणि सीएसएस, आणि आतली रचना बदलत राहील किंवा आतली माहिती डेटाबेसमधून येणार असेल तर शॉर्टकोड किंवा डायनॅमिक ब्लॉक (ज्याचं एचटीएमएल पेज दाखवताना पीएचपी बनवतं).

आणि ठरत नसेल तर मी काय करते सांगते. चौकट बनवणारं फंक्शन वेगळं लिहिते, जे ॲरे (किमतींची यादी) आणि मजकूर घेऊन एचटीएमएल परत देतं, आणि शॉर्टकोडचा कॉलबॅक फक्त त्याला बोलावतो. उद्या डायनॅमिक ब्लॉक करावासा वाटला तर ब्लॉकचा रेंडर कॉलबॅकही ॲट्रिब्यूट (शीर्षक, प्रकार अशा बदलता येणाऱ्या किमती) आणि मजकूर असंच घेतो, तोही त्याच फंक्शनला बोलावेल, आणि जुन्या पेजवरचे शॉर्टकोड आपले चालत राहतील. ब्लॉक शिकायचं ओझं आजच घ्यायला नको.

शॉर्टकोडच ठेवणार असाल तर आता ज्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही ती. कोड कधीही बदलता येतो. शॉर्टकोडचं नाव आणि त्याचे ॲट्रिब्यूट मात्र तुम्ही लेखकांच्या मजकुरात, म्हणजे डेटाबेसमध्ये, पेरून ठेवताय. ते परत गोळा करणं महाकठीण. माझ्या एका जुन्या कामात मी शॉर्टकोडचं नाव सरळ "बटन" ठेवलं होतं, छान छोटं नाव. दीडेक वर्षाने त्यांच्याकडच्या कुणीतरी एक प्लगइन टाकलं, त्याचाही शॉर्टकोड "बटन". एकाच नावाचे दोन असले तर जो शेवटी नोंदला जातो तो जिंकतो, वर्डप्रेस साधी सूचनाही देत नाही. सगळ्या साइटवरची बटणं एका रात्रीत रंग बदलून बसली आणि लिंका गायब, कारण त्या प्लगइनमध्ये लिंकच्या ॲट्रिब्यूटचं नाव वेगळं होतं. फोन आला तेव्हा मला आधी वाटलं साइट हॅक झाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शॉर्टकोडला तीन-चार अक्षरांचा उपसर्ग आणि मग अंडरस्कोर. डॅश टाळते, कारण एका नावाचा सुरुवातीचा भाग म्हणजे दुसरं अख्खं नाव, असे डॅशवाले शॉर्टकोड पूर्वी एकमेकांत गोंधळायचे.

त्याच कारणासाठी हा कोड थीममध्ये ठेवू नका. थीम बदलली की फंक्शन्स डॉट पीएचपी गेली, आणि वाचकाला प्रत्येक पेजवर उघडे कंस दिसायला लागतात. स्वतःचं छोटं प्लगइन करणं म्हणजे काही दिव्य नाही, प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये एक फाईल, वर कॉमेंटमध्ये प्लगइनचं नाव, खाली तुमचा कोड. एवढंच.

आता प्रत्यक्ष कॉलबॅक. तुमचा शॉर्टकोड लिहिणाऱ्याला असा दिसेल असं धरू:

[एबीसी_नोटीस टाइप="वॉर्निंग" टायटल="आधी बॅकअप घ्या"]इथे सूचनेचा मजकूर[/एबीसी_नोटीस]

कॉलबॅकला तीन गोष्टी मिळतात, ॲट्रिब्यूटचा ॲरे, मधला मजकूर आणि शॉर्टकोडचं नाव. पहिल्या ओळीत शॉर्टकोड_ॲट्स बोलवा, त्यात तुमच्या डीफॉल्ट किमती द्या. याने दोन कामं होतात, जे लिहिलं नाही ते डीफॉल्टने भरतं आणि जे तुम्ही मागितलंच नाही ते गळून जातं. तिसरा पॅरामीटर म्हणून शॉर्टकोडचं नाव द्यायची सवय लावा, त्यामुळे नंतर दुसऱ्या कोडमधून फिल्टर लावून डीफॉल्ट बदलता येतात. आणि ॲट्रिब्यूटची नावं सगळी लोअरकेस ठेवा. वर्डप्रेस ती वाचतानाच लोअरकेस करून टाकतं, त्यामुळे मधलं अक्षर कॅपिटल ठेवून तुम्ही ॲरेत शोधलंत तर ते कधीच सापडणार नाही, आणि एररही येणार नाही, नुसतं डीफॉल्ट दिसत राहील.

दुसरा खड्डा होय-नाहीचा. समजा आयकॉन दाखवायचा की नाही यासाठी आयकॉन="फॉल्स" असं लिहिलं. ॲट्रिब्यूटमध्ये येतं ते सगळं स्ट्रिंग असतं, आणि पीएचपीच्या लेखी "फॉल्स" ही पाच अक्षरांची रिकामी नसलेली स्ट्रिंग म्हणजे ट्रू! आयकॉन दिसतच राहतो आणि लिहिणारा म्हणतो तुमचा शॉर्टकोड बिघडलाय. डब्ल्यूपी_व्हॅलिडेट_बूलियन नावाचं फंक्शन नेमकं यासाठीच आहे, त्यातून काढा.

शीर्षक ॲट्रिब्यूटमध्ये आणि मजकूर दोन टॅगच्या मध्ये, ही विभागणी तुम्ही केली नसेल तर करा. लोक सगळंच ॲट्रिब्यूटमध्ये कोंबतात आणि मग त्यात दुहेरी अवतरण आलं, चौकोनी कंस आला की सगळं फुटतं. अवतरणचिन्हांशिवाय दोन शब्द लिहिले तर पहिला शब्द किंमत ठरतो आणि दुसरा अनाथ होऊन शून्य क्रमांकाच्या जागी जातो. आणि वर्ड प्रोसेसरमधून कॉपी करून आणलेली ती वाकडी, गोलसर अवतरणचिन्हं, त्यांना वर्डप्रेस अवतरण मानतच नाही. "माझ्याकडे टाइप लागू होत नाही" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा स्क्रीनशॉट झूम करून अवतरणं बघते. दहापैकी निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

मधल्या मजकुरात दुसरे शॉर्टकोड चालायला हवे असतील तर कॉलबॅकमध्ये त्या मजकुरावर डू_शॉर्टकोड स्वतः बोलवावं लागतं, आपोआप होत नाही. एका चौकटीत त्याच नावाची दुसरी चौकट मात्र चालणार नाही, वर्डप्रेसचा पार्सर तेवढा हुशार नाही, तो पहिला बंद होणारा टॅग दिसला की थांबतो. याच स्वभावाचा अजून एक त्रास म्हणजे एकाच पेजवर वर बंद न केलेला आणि खाली नीट बंद केलेला असे एकाच नावाचे दोन शॉर्टकोड असले की वरचा शॉर्टकोड खालच्याच्या बंद टॅगपर्यंत सगळा मजकूर गिळतो. वाचक म्हणतो अर्धं पेज चौकटीत कसं गेलं. मजकूर न घेणारा प्रकार हवा असेल तर त्याला वेगळं नाव द्या.

चौकटीच्या वर-खाली उगाच रिकामी जागा दिसत असेल तर ते डब्ल्यूपी_ऑटोपी या फिल्टरमुळे. ते मजकुराला परिच्छेदाचे टॅग लावतं १० प्राधान्याला आणि शॉर्टकोड चालतात ११ ला (लहान आकडा आधी), म्हणजे तुमच्या हातात मजकूर येतो तोच परिच्छेदाचे तुटके टॅग घेऊन. यावर ते फिल्टरच काढून टाका असा सल्ला सर्रास दिलेला दिसेल, तो ऐकू नका, जुन्या सगळ्या लेखांचे परिच्छेद एकत्र चिकटतील. कॉलबॅकमध्येच मजकुराच्या सुरुवातीला आलेला बंद टॅग आणि शेवटी उरलेला उघडा टॅग काढून टाकायचा, दोन ओळींचं काम आहे. ब्लॉक एडिटरमध्ये काही जण उघडा टॅग एका शॉर्टकोड ब्लॉकमध्ये, मध्ये साधे परिच्छेद आणि बंद टॅग दुसऱ्या ब्लॉकमध्ये असं करतात. चालतं, पण कुणी ब्लॉक वर-खाली सरकवले की डोकं एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. सगळं एकाच शॉर्टकोड ब्लॉकमध्ये लिहा.

सुरक्षिततेवर जरा थांबते कारण इथे मी स्वतः सुरुवातीला बेफिकीर होते. "आपलीच माणसं लिहितात, काय होणार" असं वाटतं. पण वर्डप्रेसमध्ये काँट्रिब्यूटर (लिहितो पण प्रकाशित करू शकत नाही) भूमिकेच्या माणसाला स्क्रिप्ट टॅग लिहिता येत नाही, तो सेव्ह होतानाच गाळला जातो, शॉर्टकोड मात्र लिहिता येतो, कारण तो नुसता मजकूर असतो. आता तुम्ही टाइपची किंमत जशीच्या तशी क्लासमध्ये छापत असाल तर तो त्या किमतीत अवतरण बंद करून माउसवर चालणारं जावास्क्रिप्ट घुसवू शकतो. ॲडमिनने तो लेख तपासायला प्रीव्ह्यू उघडला, माउस चौकटीवरून गेला, आणि स्क्रिप्ट ॲडमिनच्या लॉगिनने चाललं. प्लगइन्समध्ये सापडणाऱ्या त्रुटींमध्ये हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो टाळायला एकेक शब्द पुरतो: ॲट्रिब्यूटमध्ये छापताना ईएससी_ॲटर, मजकूर म्हणून छापताना ईएससी_एचटीएमएल, लिंकला ईएससी_यूआरएल, आकडा हवा असेल तर ॲबसिंट. टाइपसाठी मी तर ठरलेल्या तीन-चार किमतींची यादीच ठेवते, यादीत नसेल तर डीफॉल्ट. तुम्हाला रंग हवाय ना, तो हेक्स कोड म्हणून लेखकाच्या हातात देण्यापेक्षा असे तीन प्रकार द्या, सुरक्षितही आणि साइटवर सतरा छटांचा लाल होणार नाही. मधल्या मजकुरावर आधी डब्ल्यूपी_केएसईएस_पोस्ट (धोकादायक टॅग गाळणारं फंक्शन) आणि मग डू_शॉर्टकोड, उलट केलंत तर आतल्या शॉर्टकोडने दिलेला फॉर्म गाळला जाईल.

उद्या आयडी देऊन दुसरी पोस्ट दाखवणारा शॉर्टकोड लिहावासा वाटला तर ती पोस्ट प्रकाशित आहे का, पासवर्ड लावलेली नाही ना, हे तपासा. नाहीतर कुणीही आकडे बदलत ड्राफ्ट वाचत बसेल. आणि त्या पोस्टच्या मजकुरात तोच शॉर्टकोड तीच पोस्ट मागत असेल तर अंतहीन फेरा, सर्व्हर आडवा.

सीएसएस कुठे लोड करायचं, तर एवढ्याशा चौकटीसाठी मी ते थीमच्या मुख्य सीएसएसमध्ये किंवा प्लगइनमधून सगळीकडेच लोड करते, दहा ओळींसाठी हुशारी कशाला. जड स्क्रिप्ट असेल तर मात्र डब्ल्यूपी_एन्क्यू_स्क्रिप्ट्स हुकवर फक्त रजिस्टर (नोंद) करायचं आणि कॉलबॅकच्या आत एन्क्यू, म्हणजे खरंच लोड कर असं सांगायचं. स्क्रिप्ट फुटरमध्ये येतं, चालतं. ६.९ च्या आधीच्या वर्डप्रेसमध्ये स्टाइलही क्लासिक थीममध्ये फुटरमध्येच जायची कारण हेड (पानाचा वरचा, न दिसणारा भाग) तोवर छापून झालेला असायचा, म्हणून पेज उघडताना चौकट क्षणभर उघडीबोडकी दिसायची. ब्लॉक थीममध्ये हा त्रास नाही, तिथे आधी टेम्प्लेट रेंडर होतं आणि हेड नंतर छापला जातो.

कुठे कुठे चालेल हेही बघून ठेवा. टेक्स्ट विजेटमध्ये ४.९ पासून चालतो. आपोआप बनणाऱ्या उताऱ्यातून शॉर्टकोड काढून टाकला जातो, म्हणजे महत्त्वाचं वाक्य चौकटीत असेल तर यादीच्या पानावर ते दिसणार नाही. आणि एचटीएमएल टॅगच्या आत, म्हणजे एखाद्या डिव्हच्या स्टाइलमध्ये वगैरे, शॉर्टकोड लिहायचा मोह टाळा. २०१५ च्या जुलैमध्ये ४.२.३ हे सुरक्षा अपडेट आलं तेव्हा त्याचे नियम एकदम कडक झाले आणि असं लिहिणाऱ्या बऱ्याच साइट तुटल्या होत्या. २०२३ च्या मे महिन्यात ६.२.१ ने ब्लॉक टेम्प्लेटमधले शॉर्टकोडच बंद केले होते, ओरड झाल्यावर काही दिवसांतच ६.२.२ मध्ये परत आणले. म्हणून टेम्प्लेटमध्ये काही हवं असेल तर मी ब्लॉककडे जाते, शॉर्टकोड मजकुरापुरताच.

आता तुम्ही काय करा. आधी जिथे आहे तिथेच एको काढून रिटर्न करा आणि शॉर्टकोड असलेलं एक पेज अपडेट करून बघा, चौकट जागेवर आली आणि जेसनची एरर गेली पाहिजे. मग प्लगइनची फाईल करा, पण त्यात कॉलबॅकचं नाव बदला, कारण फंक्शन्स डॉट पीएचपीमधलं जुनं अजून जिवंत असताना त्याच नावाचं फंक्शन प्लगइनमध्ये आलं तर ॲक्टिव्हेट करताना फेटल एरर येईल. शॉर्टकोडचं नावही आत्ताच उपसर्ग लावून नवीन घ्या. जुनं नाव ज्या दोन-चार पेजवर वापरलंय ती ॲडमिनमधल्या पेजच्या यादीच्या शोधात ते नाव चौकोनी कंसासकट टाकून शोधा, बदला, आणि त्यानंतरच थीममधला कोड काढा. एवढं करूनही जेसनची एरर शॉर्टकोड नसलेल्या पेजवरसुद्धा येत असेल तर तो दोष या कोडचा नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन परमालिंक एकदा पुन्हा सेव्ह करा आणि एखादं सिक्युरिटी प्लगइन रेस्ट एपीआय अडवतंय का ते बघा.